जुन्या गिटारीचा आवाज

नवी दिल्ली स्थानकाच्या पश्चिमेकडील दरवाजातून बाहेर पडले, की समोर पहाडगंज लागते. मोगलांच्या काळी हा भाग शहराच्या तटाबाहेर होता. अजमेरी दरवाजाच्या पलीकडे धान्याची मोठी पेठ भरे, तीच ही. फाळणीनंतर येथे पंजाबातून निर्वासित आले आणि गल्ल्यांची दाटी वाढली. त्याच दाटीत मराठी कुटुंबांनीही आपला कोपरा राखला. नूतन मराठी विद्यालय येथे उभे राहिले, बृहन्महाराष्ट्र भवन येथेच आहे, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत या हिंदुस्थानी गजबजाटात अचानक झांजांचा आवाज ऐकू येतो. आज ज्या वाद्याविषयी मी बोलणार आहे, ते मी प्रथम ऐकले ते अशाच एका गणेशोत्सवात.

माझ्या वडिलांचे एक स्नेही होते. आम्ही मुले त्यांना नाना म्हणत असू. रेल्वेच्या हिशेबखात्यात त्यांनी सारे आयुष्य काढले. परंतु गल्लीत त्यांची ओळख होती ती 'गिटारवाले नाना' म्हणून. त्यांची गिटार मात्र चित्रपटात नायकाच्या गळ्यात अडकवलेली असते तशी नव्हती. ती ते मांडीवर आडवी ठेवीत, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालीत आणि डाव्या हातातील पोलादी कांब तारांवरून सरकवीत. वाद्य लहानसे, काळ्या बॅकेलाइटचे, अंगावर पांढऱ्या धातूच्या चकचकीत पट्ट्या. आणि तारांच्या वर कमान करून बसलेले घोड्याच्या नालेसारखे दोन लोहचुंबक. पहाडगंजाजवळच्या रेल्वे वसाहतीतील एक अँग्लो-इंडियन गार्ड १९४८ साली कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्याकडून नानांनी ते एका महिन्याच्या पगाराला विकत घेतले होते. घरी त्यावरून काय रामायण झाले असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

त्या काळ्या वाद्याचे कूळ किती मोठे होते, हे मला फार उशिरा कळले.

तारेवर बोटांऐवजी एखादी गुळगुळीत वस्तू सरकवून स्वर काढण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत असता शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तिच्या एकुलत्या एका तारेवर बांबूची 'कम्रिका' सरकवून स्वर काढीत. हा शार्ङ्गदेव काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला, आणि पेशाने यादवांच्या दरबारी हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी. हिशेबखाते आणि सरकती तार यांचे नाते असे देवगिरीपासून पहाडगंजापर्यंत चालत आलेले पाहून, माझ्यासारख्या सरकारी नोकराला थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य समजावा. उत्तरेत विचित्र वीणा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यम् यांनी ही वादनपद्धती पुढे जिवंत ठेवली.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर हीच युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटारीवर अवतरली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकूकू या हवाई तरुणाला देतात. तथापि तेथेच आणखी एक कथा सांगतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या हिंदुस्थानात जन्मलेल्या एका मुलाला कोण्या जहाजाच्या कप्तानाने पळवून नेले. तो हिंडत हिंडत होनोलुलूला पोहोचला, आणि गिटारीच्या तारेवर वस्तू सरकवून वाजवताना लोकांनी त्याला पाहिले. कथा मोहक आहे, म्हणूनच तिच्यावर फार भार टाकू नये. परंतु तिकडच्या लोकांनाच या आवाजाचे मूळ हिंदुस्थानात शोधावेसे वाटले, एवढे तरी तिच्यावरून दिसते. सन १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथील हवाई वादकांनी अमेरिकेला वेड लावले, आणि पुढची काही वर्षे त्या देशात हवाईयन गिटारीचे अक्षरशः पीक आले.

अडचण एकच होती. गिटारीचा आवाज मुळात नाजूक. सभागृहे मोठी झाली, वाद्यवृंदात पितळी तुताऱ्या आल्या, आणि बिचाऱ्या गिटारीचे तोंड हलताना दिसे पण शब्द ऐकू येत नसे. जॉर्ज बोशॅम्प हा स्वतः हवाईयन गिटार वाजवणारा गृहस्थ या दुखण्यावर उपाय शोधीत होता. स्विस वंशाचे यंत्रकार अॅडॉल्फ रिकनबाकर यांची त्याला जोड मिळाली. सन १९३१ मध्ये त्यांनी लाकडाचा एक नमुना तयार केला आणि १९३२ पासून ओतीव अॅल्युमिनियमची वाद्ये विकायला काढली. गोल बुटके अंग आणि लांब दांडी यांमुळे लोकांनी त्या गिटारीला 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला दांड्याचा तवा, असे नाव ठेवले. बाजारात आलेली पहिली यशस्वी विजेची गिटार ती हीच. म्हणजे विजेच्या गिटारीचा जन्म मांडीवर झाला. गळ्यात ती मागाहून पडली.

पेटंटची कथा कचेऱ्यांत वावरणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना हे वाद्य खरोखर वाजते की नाही याचीच शंका होती. अखेर हवाईयन वादकांना त्यांच्या कचेरीत पाठवून प्रत्यक्ष वादन करून दाखवावे लागले, असे सांगतात. सन १९३४ मध्ये केलेला अर्ज १९३७ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. तोपर्यंत इतर कारखानदार आपापल्या विजेच्या गिटारी घेऊन बाजारात उतरलेही होते.

हे वाद्य वाजते तरी कसे? मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेल्या तत्त्वावरच सारा खेळ आहे. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार कंप पावली, की त्या वेटोळ्यात विजेची क्षीण लहर उमटते. ती ध्वनिवर्धकात जाते, व्हॉल्व्हमधून मोठी होते आणि कर्ण्यातून बाहेर पडते. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. सतारीचा भोपळा हवेला हलवतो, आपण ती हवा ऐकतो. विजेच्या गिटारीत आपण ऐकतो ते चुंबकाने तारेविषयी दिलेले वृत्त. वार्ताहर बदलला की वृत्ताचा सूर बदलतो, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

रिकनबाकरांनी १९३५ च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या जोडीला बॅकेलाइटची गिटार काढली. नानांची गिटार ती. या वाद्यांतही संग्राहक भेद करतात. महायुद्धापूर्वीच्या गिटारींचे नालचुंबक दीड इंच रुंद असत, युद्धानंतर ते सव्वा इंचाचे झाले. आणि जाणकारांची पसंती दीड इंचवाल्यांना. पाव इंचाने स्वरात इतका फरक पडावा हे प्रथम मला खरे वाटले नव्हते. पुढे मी स्वतः पट्टी लावून मोजले. नानांचे चुंबक दीड इंचाचे होते. अॅल्युमिनियमचे वाद्य दिव्यांच्या उष्णतेने फुगून बेसूर होई म्हणून बॅकेलाइट आले असे म्हणतात. पण दिल्लीच्या जेठ महिन्यात बॅकेलाइटचीही परीक्षाच होई, आणि नाना दर दोन गाण्यांमागे खुंट्या पिळीत बसत.

उभ्या धरून वाजवायच्या गिटारींची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. गिब्सन कंपनीने १९३६ साली 'ईएस-१५०' काढली, आणि चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने जॅझमध्ये तिला एकल वाद्याचा मान मिळवून दिला. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने १९५० मध्ये भरीव लाकडाची 'ब्रॉडकास्टर' गिटार बाजारात आणली. नाव पाहून आकाशवाणीच्या मंडळींना आनंद व्हावा. परंतु ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ढोल आधीपासून विकले जात होते. तिने हरकत घेतली आणि १९५१ मध्ये ते नाव पुसावे लागले. नवे 'टेलिकास्टर' हे नाव ठरेपर्यंत काही महिने गिटारी बिननावाच्याच बाहेर पडल्या, आणि आज त्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक डोक्यावर घेतात. सन १९५४ मध्ये त्याच फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' आली.

गिब्सनच्या 'लेस पॉल' गिटारीचे दैव याहून विलक्षण आहे. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडून विजेची घरघर मारून टाकणारे पिकअप तयार केले. ते १९५७ पासून या गिटारींत बसू लागले. त्यानंतर १९५८ ते १९६० या तीन वर्षांत, मावळतीच्या रंगछटांनी रंगवलेल्या सुमारे दीड हजार गिटारी निघाल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. कंपनीने १९६१ मध्ये आकारच बदलून टाकला. पुढे १९६६ साली एरिक क्लॅप्टन या इंग्रज तरुणाने जॉन मेयॉलच्या ताफ्यात तशीच एक जुनी गिटार ध्वनिवर्धक पुरता चढवून वाजवली. त्या भाजलेल्या, किंचित फाटलेल्या पण गोड आवाजाने लोकांचे कान असे भरले, की न खपलेला माल शोधीत माणसे हिंडू लागली. बाजाराची ही जुनी खोड आहे. आता त्या गिटारींच्या किमती ऐकल्या तर दिल्लीत घर घ्यावे की गिटार, असा प्रश्न पडावा. डेव्हिड गिल्मर यांची १९६९ ची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली.

मग जुन्या वाद्याचा आवाज खरोखरच निराळा असतो काय? या प्रश्नावर श्रद्धाळू आणि संशयी असे दोन पंथ आहेत. व्हायोलिनच्या बाबतीत पॅरिसमध्ये २०१२ साली एक प्रयोग झाला. दहा नामांकित वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांना जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांतील सहा जणांनी नवे वाद्य पसंत केले, आणि जुने कोणते व नवे कोणते हे त्यांना खात्रीने ओळखता आले नाही. गिटारीच्या भक्तांनी हे ऐकून थोडे नम्र व्हावे, असे मला वाटते. भरीव लाकूड साठ वर्षांत वाळले म्हणून आवाजात अमृत उतरते, हे मला पटत नाही. परंतु वेटोळ्याची गोष्ट वेगळी. जुन्या काळी कामगार यंत्र फिरते ठेवून तार हाताने सोडीत. एका पिकअपवर वेढे थोडे अधिक, दुसऱ्यावर थोडे कमी. कोठे घट्ट, कोठे सैल. त्यामुळे एकाच महिन्यात निघालेल्या दोन गिटारींचा आवाजही जुळ्या भावांइतकाच सारखा, म्हणजे आईला ओळखू येईल इतका वेगळा असे. यंत्रे सुधारली, वेढे मोजून पडू लागले आणि हा भेद आटला. जुन्या आवाजाचे जे काही रहस्य आहे, त्यातले बरेचसे मला या माणसाच्या हाताच्या चुकीत आहे असे वाटते.

लाकडाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. गिटारीच्या दांडीवर पडदे बसवायची पट्टी पूर्वी ब्राझीलच्या शिसवीची असे. ब्राझीलने १९६९ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि त्या सुमारास अमेरिकन कारखानदार हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा, ज्याचे पलंग आणि देव्हारे आपल्या आजोळी असत, तोच हा शिसव. विलायती गिटारीवर फिरणारी बोटे पुष्कळदा आपल्या रानातल्या लाकडावर फिरत असतात.

आता हिंदुस्थानाकडे येऊ. समोआ बेटावर जन्मलेले ताऊ मो हे वादक महायुद्धाच्या काळात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले. गार्नी नीस हे तेथले वादक त्यांच्या तालमीत तयार झाले. बंगाल्याने हे वाद्य जवळजवळ दत्तकच घेतले. नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध, रवींद्रसंगीत वाजवणारे बटुक नंदी, चित्रपटगीते वाजवणारे सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत लखनौचे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या हवाईयन गिटारीला जे स्थान मिळवून दिले, ते ओ. पी. नय्यर यांची गाणी ऐकणाऱ्यांना आजही ऐकू येईल.

या लोकप्रियतेचे कारण मींड. हवाईयन गिटारीला पडद्यांचा अडथळा नाही. कांब षड्जापासून पंचमापर्यंत न तुटता जाते आणि वाटेतल्या श्रुतींना स्पर्श करते. याच नभोवाणीने १९४० साली पेटीवर बहिष्कार घातला, कारण पेटीत मींड नाही आणि तिचे स्वर हिंदुस्थानी श्रुतींना परके, असा आक्षेप होता. तो बहिष्कार १९७१ पर्यंत पुरा उठला नाही. पेटीवर जीव टाकणारे पु. ल. देशपांडे मधल्या काळात त्याच आकाशवाणीत नोकरीला होते, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे. पेटी आणि गिटार दोन्ही परदेशी. परंतु एकीला आपल्या गळ्याची नक्कल साधत नव्हती, दुसरीला साधत होती. पेटीवर अन्याय झाला असे मला वाटते. तरी विजेच्या तारेने हिंदुस्थानी कानाशी सलगी कशी केली, ते त्या वादावरून चांगले उमजते.

पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेऊन, गिब्सनच्या मोठ्या पोकळ गिटारीत आपल्या गरजेप्रमाणे बदल करून तिच्यावर राग मांडले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी पुष्कळांच्या संग्रही असेल. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळवले. दिल्ली आकाशवाणीचाही यात वाटा आहे. अमृतसरचे भूपिंदर सिंग येथे वादक होते. त्यांना मदनमोहन यांनी हेरले आणि मुंबईस नेले. गायक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १९७१ च्या 'दम मारो दम' या गीतातील विजेची गिटारही त्यांचीच.

ते गाणे ज्या हिप्पींवरचे, ते तेव्हा पहाडगंजाच्या मुख्य बाजारातच उतरत. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी खुष्कीची वाट करीत ते येथे पोहोचत आणि पुढे काठमांडूला जात. इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानातील रशियन फौजा यांमुळे १९७९ मध्ये ती वाट मिटली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या वर्षांत विलायती गिटार रीतसर आयात करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून परतीच्या भाड्यासाठी एखाद्या प्रवाशाने विकलेले वाद्य म्हणजे तरुण वादकांना घबाडच वाटे. बाकीचे लोक सुताराकडून अंग कापून घेत आणि पिकअप घरी गुंडाळीत.

नानांचा ध्वनिवर्धकही असाच घरचा होता. लाजपत राय मार्केटमधून जमवलेले भाग त्यांनी एका लाकडी खोक्यात बसवले होते. चालू केला की तो घरघर करी. आपल्या विजेची लहर सेकंदाला पन्नास वेळा फिरते, आणि पन्नास कंपनांचा स्वर पांढरी पाचच्या खर्जाला जवळजवळ चिकटून असतो. नाना षड्ज पांढरी एकमध्ये लावीत, म्हणजे ती घरघर त्यांना आपसूक पंचम देई. "तानपुऱ्याला माणूस नको, बिल भरलं की झालं," असे ते म्हणत. अमेरिकेत वीज साठ कंपनांची. तेथे ती घरघर दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी पडते. हे वाद्य दिल्लीत येऊन सुरात आले, असा नानांचा लाडका सिद्धांत होता, आणि त्याला निदान एवढा आधार आहे.

नाना १९९९ मध्ये गेले. त्यांना मूलबाळ नव्हते; गिटार आमच्याकडे आली. दहा वर्षे ती पेटीत होती. पुढे २००९ मध्ये मी ती बाहेर काढली तेव्हा तिच्यातून आवाजच येईना. वेटोळ्याची तार आत कोठेतरी तुटली असावी. जवळच्याच एका गल्लीत वाद्ये दुरुस्त करणारा एक कारागीर होता, त्याच्याकडे मी ती नेली. "साहेब, नवी करून देतो," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. काय नवे करणार, हे विचारायचे मला सुचले नाही. कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचणारा मी, त्या दिवशी न वाचता मोकळा झालो. आठ दिवसांनी गिटार परत मिळाली ती स्वच्छ पुसलेली, नव्या तारा चढवलेली. आणि नालेच्या चुंबकांच्या जागी एक काळे, चौकोनी, तयार पिकअप बसवलेले. जुने सामान कोठे आहे म्हणून विचारले, तर ते भंगारवाल्याने दोन दिवसांपूर्वी वजनावर नेले होते. त्या कारागिराला दोष देता येत नाही. आवाज आणून देण्याचे काम त्याने घेतले होते आणि ते त्याने केले. तुटलेले वेटोळे त्याच चुंबकांत पुन्हा गुंडाळता येते, आणि तसे करणारे लोक जगात आहेत, हे मला नंतर वाचनातून कळले.

गिटार आता वाजते. माझा मुलगा तिच्यावर कांब सरकवतो. आवाज निर्मळ आहे, घरघर मुळीच नाही. सन १९८७ च्या गणेशोत्सवात कोणीतरी टेपरेकॉर्डर लावून भरलेली एक कॅसेट आमच्याकडे आहे. तिच्यात आधी खुर्च्या सरकतात, एक मूल रडते, मग कोणी तरी "नाना, सुरू करा" म्हणतो. ध्वनिवर्धकाचा खटका पडतो आणि तो पंचम सुरू होतो. नाना काही वेळ वाजवीतच नाहीत. त्या घरघरीला तारा जुळवीत बसतात. मागच्या भाद्रपदात मुलाने ती कॅसेट लावली, आपली गिटार जवळ घेतली आणि नाना वाजवायला लागण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या मिनिटात तोही खुंट्या पिळीत राहिला.